जुन्या घराचं लेझर स्कॅनिंग: काम देण्याआधी काय ठरवायचं, काय लिहून घ्यायचं

“आर्किटेक्ट म्हणतात, आधी लेझर स्कॅन करून घ्या. दोन एजन्सींची कोटेशनं आलीत आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट आहे. आम्ही नेमकं मागायचं तरी काय?” जुना वाडा, कोकणातलं वडिलोपार्जित घर किंवा सोसायटीची पन्नास-साठ वर्षांची इमारत दुरुस्तीला काढलेले वाचक हा प्रश्न सारखा विचारतात. काही महिन्यांनी त्यांचाच दुसरा प्रश्न येतो. स्कॅन झाला, हार्ड डिस्क हातात पडली. पण फाइल घरातल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि सुताराला हवं असलेलं तुळईचं माप तिच्यात कुठं शोधायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

दोन्ही अडचणींचं कारण एकच आहे. या मोजमापावर पुढे कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे न ठरवताच काम दिलं जातं. तो निर्णय आधी पक्का केलात तर कोणतं यंत्र, किती अचूकता, कोणत्या फायली आणि किती पैसे, या सगळ्याची उत्तरं बऱ्याच अंशी आपोआप मिळतात. म्हणून या लेखातही यंत्राबद्दल कमी आणि तुमच्या निर्णयांबद्दल जास्त लिहिलं आहे.

स्कॅनर करतो काय?

तिपाईवर बसवलेलं हे यंत्र स्वतःभोवती फिरत लेझरचा किरण चहूबाजूंना टाकतं आणि परतलेल्या किरणावरून समोरच्या पृष्ठभागाचं अंतर काढतं. लायका आरटीसी३६० सारखं यंत्र सेकंदाला वीस लाखांपर्यंत बिंदू नोंदवतं. प्रत्येक बिंदूची जागा तीन आकड्यांत येते, सोबत बहुधा रंगही. या बिंदूंच्या साठ्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. डोळ्यांची काळजी करू नका. घरं मोजायला येणारी बहुतेक यंत्रं ‘क्लास १’ लेझरची असतात आणि तो वर्ग नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित मानला जातो.

व्यवहाराच्या दृष्टीनं दोनच गोष्टी लक्षात ठेवा. यंत्राला समोर दिसतं तेवढंच ते मोजतं. कपाटामागची भिंत, फॉल्स सीलिंगच्या वरची तुळई, बंद खोली यांतलं काहीही त्यात येत नाही. म्हणून घरभर अनेक जागी तिपाई मांडावी लागते आणि ते सगळे स्कॅन नंतर एकमेकांना जोडावे लागतात. या जोडणीला रजिस्ट्रेशन म्हणतात आणि चुका बहुतेक तिथंच होतात. दुसरी गोष्ट म्हणजे पॉइंट क्लाउड हा नकाशा नव्हे. त्यातून प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन काढायला माणूस बसावा लागतो. जागेवर एका दिवसात उरकलेल्या कामाला ऑफिसात कित्येक दिवस लागू शकतात. कोटेशनांमधला तिप्पट फरक बहुधा इथून येतो: एकानं फक्त स्कॅनचा भाव दिलेला असतो, दुसऱ्यानं नकाशांसह.

तुम्हाला स्कॅन लागतो का?

अलीकडच्या, काटकोनातल्या इमारतीत फ्लॅटचं इंटिरियर करायचं असेल तर लेझर स्कॅनवर पैसे घालू नका. हातात मावणारा लेझर डिस्टन्स मीटर, टेप आणि कर्ण मोजायची सवय एवढ्यावर ते काम चोख होतं. साध्या चौकोनी गोठ्याला, एका खोलीच्या वाढीव बांधकामालाही स्कॅनची गरज नाही.

पुढच्या कामांत मात्र स्कॅनचा खर्च वसूल होतो:

- भिंती ओळंब्यात नाहीत, खोल्या गुण्यात नाहीत, आणि त्यांना धरूनच नवं काम बसवायचं आहे.
- कौलारू छप्पर, वासे, आढं, कडीपाट, कोरीव खांब अशी लाकडी चौकट जागेवर ठेवून दुरुस्त करायची आहे.
- जुन्या सांगाड्यात लोखंडी जिना, मेझनाइन किंवा लिफ्ट बसवायची आहे आणि भाग बाहेरून तयार होऊन येणार आहेत.
- शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे आणि काम सुरू झाल्यावर ती हलली की नाही यावरून वाद होऊ शकतो.
- गिरणी, गोदाम, वखार अशी मोठी आणि उंच जागा नव्या वापरासाठी घ्यायची आहे. तिथं शिडी लावून मोजणं धोक्याचं आहे.
- घर उतरवायचं ठरलं आहे आणि नंतर तसंच किंवा त्यातले भाग वापरून पुन्हा उभं करायचं आहे.

सोसायटीच्या पुनर्विकासाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथं स्कॅनचा उपयोग प्रत्येक सभासदाचं आजचं क्षेत्रफळ निर्विवाद ठरवण्यापुरता असतो. दहा फूट बाय बारा फुटांची खोली १२० चौरस फुटांची. दोन्ही मापांत एकेक इंच जास्त धरला तर ती सुमारे १२१.८ चौरस फूट होते. पाच खोल्यांमागे हा फरक सुमारे नऊ चौरस फुटांवर जातो आणि मोबदला क्षेत्रफळाच्या टक्केवारीत असल्यानं तो पुढेही वाढत राहतो. पण यंत्र कितीही अचूक असलं तरी ‘कशाला क्षेत्रफळ म्हणायचं’ हे ते ठरवत नाही. रेराच्या २०१६ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या फ्लॅटपुरती असलेली बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही. तुमच्या इमारतीत बंद केलेल्या बाल्कनीचं काय करायचं, मंजूर नकाशा धरायचा की प्रत्यक्ष मोजमाप, हे आधी सर्वसाधारण सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा आणि त्यानंतरच स्कॅनरवाल्याला बोलवा.

किती अचूक? सुतात बोला

‘जास्तीत जास्त अचूक द्या’ अशी मागणी करू नका. ती महाग पडते आणि तुमच्या उपयोगाचीही नसते. गवंडी आणि सुतार ज्या सुतात बोलतात त्याच मापात विचार करा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. तिपाईवरचा चांगला स्कॅनर २० मीटर अंतरावर एका बिंदूची जागा सुमारे एका सुताच्या आत देतो. सगळे स्कॅन जोडल्यानंतर पूर्ण इमारतीत ती अचूकता थोडी खाली येते.

मोजमापाच्या अचूकतेसाठी अमेरिकेतल्या यूएसआयबीडी या संस्थेनं ‘एलओए’ नावाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत आणि आपल्याकडच्या एजन्सीही ती भाषा वापरतात:

- एलओए २० (५ सेंटिमीटर ते १५ मिलिमीटर): घराचा ढोबळ आराखडा, कल्पना मांडण्यापुरतं डिझाइन.
- एलओए ३० (१५ ते ५ मिलिमीटर): दुरुस्तीचे नकाशे, नवा जिना, नवं स्वयंपाकघर, छपराची फेरबांधणी. बहुतेक वाडे आणि घरं इथंच बसतात.
- एलओए ४० (५ ते १ मिलिमीटर): कोरीव महिरप, खांबाचं तळखडं, लोखंडी जोडकामाचे सांधे. पूर्ण घरासाठी नको, त्या तेवढ्या भागासाठीच मागा.

इथं एक घोळ नेहमी होतो. एजन्सी सांगते, “१० मीटरवर ६ मिलिमीटरचं रिझोल्यूशन.” ते बिंदूंमधलं अंतर झालं, अचूकता नव्हे. बिंदू अगदी दाट असूनही पूर्ण खोली दोन इंच सरकलेली असू शकते. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

कोणतं यंत्र?

तिपाईवरचा स्कॅनर दुरुस्तीच्या कामाला सर्वांत भरवशाचा. हातात किंवा पाठीवर घेऊन चालत मोजणारे स्कॅनर कितीतरी लवकर काम उरकतात, पण त्यांची अचूकता साधारण एक ते तीन सेंटिमीटरच्या घरात असते. मोठ्या चाळीचे सगळे मजले किंवा गोदाम यांच्या ढोबळ नकाशाला ते पुरतात, सुतारकामाला नाही.

मोबाइलचं काय, हे हमखास विचारलं जातं. २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ प्रोपासून त्या मालिकेत लायडार, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर, असतो. त्याचा पल्ला साधारण पाच मीटर. एका खोलीची कल्पना यायला, परदेशातल्या भावाला घराची आजची अवस्था दाखवायला, फर्निचर कुठं बसेल हे बघायला तो छान आहे. पाच-सहा खोल्या फिरून परत आलात की चूक साचत गेलेली असते. त्या मापावर लाकूड कापायला देऊ नका.

छपराचा वरचा भाग तिपाईवरून दिसत नाही. त्यासाठी ड्रोनच्या फोटोंवरून मॉडेल करून ते स्कॅनला जोडतात. ड्रोन उडवण्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तुमचा परिसर कोणत्या झोनमध्ये येतो ते डिजिटल स्काय नकाशावर बघायला एजन्सीला सांगा. विमानतळ आणि लष्करी तळांच्या आसपास परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. पुण्यात लोहगावच्या बाजूच्या वस्त्यांना हे विशेष लागू आहे.

स्कॅनच्या दिवसाआधी तुमची तयारी

चांगल्या स्कॅनचा अर्धा भार घरमालकावर असतो, आणि हे तुम्हाला कुणी आधी सांगत नाही.

- सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या गोळा करा. भाडेकरूची खोली, माळा, तळघर, बंद पडलेलं न्हाणीघर, सगळ्या. एक खोली राहिली तर तिच्या चारी भिंतींची जाडी कळत नाही.
- भिंतीला लागलेली कपाटं आणि ट्रंका शक्य तेवढ्या हलवा. निदान कोपरे आणि खांबांचे पाय मोकळे करा. नकाशा कोपऱ्यांवरच उभा राहतो.
- चौकातल्या दोऱ्यांवरचे कपडे, ओसरीवरचं सामान, दारातलं वाहन त्या दिवशी नको. भिंतीवर चढलेली वेल छाटा, नाहीतर दर्शनी बाजूचा नकाशा वेलीचाच होतो.
- मोठे आरसे आणि काचेची कपाटं चादरीनं झाका. आरशातून किरण परतला की भिंतीपलीकडे एक खोटी खोली उमटते. घोटीव काळ्या दगडावर आणि पाण्यावरही नोंद नीट होत नाही.
- माळ्यावर फळी टाका, दिवा लावा. लेझरला उजेड लागत नाही, पण फोटोंना लागतो, आणि तिपाई मांडणाऱ्या माणसाचा पाय कुजक्या फळीतून जाऊ नये.
- यंत्र फिरत असताना घरातली माणसं एका बाजूला बसवा. फिरणाऱ्या माणसाच्या सावल्या बिंदूंत उरतात.
- पावसाळा टाळा. थेंबांमुळे हवेत खोटे बिंदू येतात, ओल्या भिंतीवरून किरण कमी परततो. विदर्भात मे महिन्यात काम असेल तर सकाळी लवकर सुरू करायला सांगा; बऱ्याच स्कॅनरांची कमाल मर्यादा ४० अंशांची आहे.
- गिलावा पाडायचाच असेल तर दोन वेळा स्कॅन परवडतो का बघा. एकदाच परवडत असेल तर सैल झालेला गिलावा उतरवल्यावर करा, कारण भेगा, जुन्या कमानी आणि बुजवलेले दरवाजे तेव्हाच दिसतात.

आणखी एक काम पाच मिनिटांचं आहे आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतं. काम चालू असताना हलणार नाहीत अशा चार-पाच जागी, म्हणजे जोत्याचा दगड, चौकातली फरशी, समोरच्या पक्क्या इमारतीचा कोपरा, तिथं खिळा किंवा पक्की खूण करून घ्या आणि ती स्कॅनमध्ये नोंदवायला सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची वेळ आली तर दोन्ही स्कॅन या खुणांवर एकमेकांशी जुळवता येतात आणि भिंत किती सरकली ते आकड्यात सांगता येतं.

एक काप जवळून बघू

समजा, पेठेतल्या एका दुमजली वाड्याचा स्कॅन झाला आहे आणि तुम्ही आर्किटेक्टच्या स्क्रीनसमोर बसला आहात. त्यांना माजघरातून उभा काप घ्यायला सांगा. जमिनीपासून आढ्यापर्यंत वाडा मधोमध चिरल्यासारखा समोर येतो. खाली मातीच्या भरावाची जाड भिंत, वरच्या मजल्यावर तीच भिंत बारीक झालेली. भिंतीच्या पोटात एक तिरपी पोकळी दिसते, ती वर जाणारा अंधारा जिना आहे. टेपनं मोजलेल्या नकाशात त्या जिन्यामुळे दोन खोल्यांमधली भिंत उगाच चार-साडेचार फुटांची दिसायची आणि ती कुठं पोकळ, कुठं भरीव हे कळत नसे.

आता वरच्या मजल्याच्या जमिनीची रेघ बघा. ती सरळ नाही. खोली चार मीटर बाय पाच मीटरची आहे आणि मधोमध जमीन चार सेंटिमीटर खाली आली आहे. डोळ्यांना हे जाणवलंही नसतं, गोटी ठेवली असती तर घरंगळली असती एवढंच. घरमालकांना या खोलीत टाइल्स बसवायच्या आहेत आणि ठेकेदार म्हणतो, “खड्डा मसाल्यानं भरून लेव्हल करून देतो.” हिशोब करू. सरासरी दोन सेंटिमीटर भर धरली तरी २० चौरस मीटरला ०.४ घनमीटर मसाला लागतो. त्याचं वजन सुमारे ८०० किलो, टाइल्स वेगळ्या. ज्या कडीपाटाच्या तुळया आधीच वाकल्या आहेत त्यांच्यावर हे कायमचं ओझं चढणार.

या एका कापावरून निर्णय बदलतो. टाइल्सचा विचार सोडून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवायचं, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजली आहेत का ते बघायचं, आणि लेव्हल करायचीच तर हलक्या लाकडी पाटणीनं करायची. स्कॅनचा खरा उपयोग असा असतो. स्क्रीनवर गरगर फिरणारं रंगीत चित्र पाहुण्यांना दाखवायला बरं, पण पैसे त्या कापासाठी मोजा.

म्हणून कोटेशन मागताना ‘प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन’ एवढंच लिहू नका. कुठून काप हवेत ते घराच्या कच्च्या नकाशावर रेघ मारून द्या. आडवे प्लॅन सहसा जमिनीपासून १.२ मीटरवर घेतात. भिंती कललेल्या असतील तर जमिनीजवळ एक आणि छताजवळ एक असे दोन काप मागा. दोन्हीतला फरक म्हणजे भिंतीचा कल, वेगळं मोजायला नको.

थ्रीडी मॉडेल मागण्याआधी

बऱ्याच एजन्सी ‘स्कॅन टू बीआयएम’ सुचवतात, म्हणजे पॉइंट क्लाउडवरून रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, दारं, खांब उभे करून मॉडेल देतात. मोठ्या प्रकल्पात ते उपयोगी आहेच. जुन्या घरात एक धोका असतो. असं सॉफ्टवेअर भिंत सरळ, उभी आणि एकसारख्या जाडीची धरून चालतं. मॉडेल करणारा माणूस भराभर काम उरकताना पोट आलेली भिंत सरळ करून टाकतो. तुम्ही ज्यासाठी स्कॅन केला तीच माहिती पुसली जाते.

मॉडेल घेणार असाल तर प्रत्यक्ष बिंदू आणि मॉडेल यांतला फरक जास्तीत जास्त किती चालेल ते आधी ठरवा, आणि फरक रंगांनी दाखवणारा नकाशा मागा. एका घराच्या दुरुस्तीला माझ्या मते पूर्ण मॉडेलची गरज क्वचितच पडते. नीट काढलेले आठ-दहा काप आणि मूळ पॉइंट क्लाउड यांत आर्किटेक्ट आणि इंजिनीअर दोघांचंही भागतं. वाचलेले पैसे लाकडाच्या तपासणीवर घाला.

करारात हे लिहून घ्या

- सगळे स्कॅन जोडलेला पॉइंट क्लाउड ई५७ या खुल्या फॉरमॅटमध्ये. फक्त एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल पुरेशी नाही.
- जोडणीचा अहवाल, म्हणजे रजिस्ट्रेशन रिपोर्ट, आणि पक्क्या खुणांची यादी, त्यांच्या जागांसह.
- नकाशे डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत. पीडीएफ कुणालाही मोबाइलवर उघडता येते. गवंड्याला तीच द्यायची असते.
- सॉफ्टवेअर विकत न घेता स्कॅन बघता येईल, त्यात दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येईल असा व्ह्यूअर, आणि तो वापरायला शिकवण्याची एक बैठक.
- जे भाग मोजता आले नाहीत त्यांची यादी. नकाशात ते भाग तुटक रेषेनं दाखवलेले असावेत, अंदाजानं भरलेले नसावेत.
- राहिलेल्या भागासाठी एक फेरी कोटेशनमध्येच धरलेली.
- पैशाचे टप्पे. जागेवरचं काम झाल्यावर काही भाग, पॉइंट क्लाउड मिळाल्यावर काही, आणि नकाशे तपासून झाल्यावर उरलेले. दरावर जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही.
- एजन्सी आपल्याकडे प्रत किती वर्षं ठेवणार, आणि जाहिरातीत तुमचं घर दाखवायला तुमची लेखी परवानगी लागेल की नाही.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. स्कॅनर चौफेर फोटोही घेतो. त्यात तुमची तिजोरी, देवघर, औषधांच्या बाटल्या, टेबलावरचे कागद सगळं येतं. भाडेकरू राहत असतील तर त्यांना आदल्या दिवशी कळवा आणि त्यांच्या खोलीत रंगीत फोटो नको असतील तर ते बंद ठेवायला सांगा. माप त्याशिवायही तितकंच अचूक येतं.

ताब्यात घेताना स्वतः तपासा

यासाठी टेप आणि एक दुपार पुरते.

1. घरातली पाच-सहा मापं स्वतः घ्या: दोन खोल्यांचे कर्ण, एका दाराची रुंदी, चौकाची लांबी, खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची. व्ह्यूअरमध्ये तीच मापं काढून ताडून बघा.
2. भिंतीचा काप मोठा करून बघा. एकाच भिंतीच्या जवळजवळ दोन रेघा दिसत असतील तर जोडणी चुकली आहे. काम परत पाठवा.
3. अहवालातली सरासरी चूक दोन-तीन मिलिमीटर दिसली तरी लांबट इमारतीत निश्चिंत होऊ नका. चाळीच्या लांब गॅलरीत एकामागून एक स्कॅन जोडताना चूक थोडी थोडी साचते आणि टोकाला कित्येक सेंटिमीटर होते, सरासरीत मात्र ती लपते. अशा इमारतीत टोकापासून टोकापर्यंत टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं वेगळं मोजून घ्यायला सांगा.
4. माळा, जिन्याखालची जागा, खांबांचा मागचा भाग या ठिकाणी काळी भोकं किती आहेत ते बघा.

स्कॅन काय सांगत नाही

तुळई आतून पोखरलेली आहे का, काँक्रीटमधली सळई गंजली आहे का, भिंत अजून एक मजला पेलेल का, यांतलं काहीही पॉइंट क्लाउडमध्ये नसतं. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट वेगळं करावं लागतं. स्कॅन झाला म्हणून ऑडिट टाळू नका.

जागेची हद्दही स्कॅननं ठरत नाही. कुंपणाची भिंत कुठं आहे ते स्कॅन दाखवतो; हद्द कुठं आहे हे भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि प्रॉपर्टी कार्ड सांगतात. शेजाऱ्याशी वाद असेल तर सरकारी मोजणीला पर्याय नाही.

आणि परवानग्या तशाच लागतात. घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव वारसा समितीपुढे जाऊ शकतो. शनिवारवाड्यासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांत नियंत्रण असतं. चांगले मोजमापी नकाशे जोडलेले असले तर अशा अर्जात आज काय आहे आणि काय बदलणार हे स्पष्ट दाखवता येतं.

तुमचे हक्क

पैसे तुम्ही दिले म्हणजे नकाशे आपोआप तुमच्या मालकीचे झाले, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नकाशाचा हक्क, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, साधारणपणे तो काढणाऱ्याकडे राहतो आणि हस्तांतर लेखीच व्हावं लागतं. म्हणून करारात दोन वाक्यं घाला: मूळ पॉइंट क्लाउड आणि मोजमापाचे नकाशे मालकाचे असतील, पुढे आर्किटेक्ट बदलला तरी मालक ते दुसऱ्याला वापरायला देऊ शकेल. नव्या डिझाइनवर आर्किटेक्टचा हक्क राहू द्या, तो रास्त आहे. आहे त्या घराचं मोजमाप मात्र तुमच्याकडेच असलं पाहिजे.

सोसायटीच्या सभासदांनी आपल्या फ्लॅटच्या मोजमापाचा तक्ता सहीसाठी येईल तेव्हा त्याची प्रत मागून घ्यावी आणि हरकत असेल तर लेखी द्यावी. तक्ता सभेच्या इतिवृत्ताला जोडायचा आग्रह धरा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात, शुल्क भरून प्रती घेता येतात. इतिवृत्ताला जोडलेला तक्ता उद्या समिती बदलली तरी गहाळ झाला असं सांगता येत नाही.

काम करारानुसार झालं नाही तर आधी चुकांची यादी करून लेखी कळवा आणि दुरुस्तीला मुदत द्या. तरीही दाद लागली नाही तर स्वतःच्या घरासाठी घेतलेली ही सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. करारात अचूकतेचा आकडा आणि फायलींची यादी लिहिलेली असेल तर तुमची बाजू भक्कम होते. नुसतं ‘लेझर स्कॅनिंग – एक काम’ असं बिल असेल तर काय कमी पडलं ते सिद्ध करणं अवघड जातं.

पाडायचं ठरलं असेल तरी

सगळीच घरं वाचत नाहीत. भावंडांच्या वाटण्या, भाडेकरूंचे प्रश्न, इमारतीची अवस्था, यांमुळे कधी घर उतरवण्याचा निर्णयच बरोबर असतो. अशा वेळी स्कॅनचा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण डिझाइन तर नव्या इमारतीचं करायचं असतं. तरीही तो करून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा स्कॅन अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासाच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये केला, तो अभ्यासासाठी. १५ एप्रिल २०१९ ला आगीत छप्पर आणि मनोरा कोसळला. तोवर टॅलन हयात नव्हते, पण त्यांनी घेतलेली मापं पुनर्बांधणीच्या कामात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आपल्याकडे गुजरातमधल्या पाटणच्या राणी की वाव या विहिरीचं २०११ मध्ये असंच लेझर स्कॅनिंग झालं आहे.

तुमच्या वाड्याला एवढा मान मिळणार नाही, पण त्यातला खणांचा हिशोब, जिन्याची चढण, चौकाचं आणि उंचीचं प्रमाण नव्या घराच्या आर्किटेक्टला थेट वापरता येतं. उतरवलेले खांब आणि तुळया कोणत्या मापाच्या आहेत, नव्या घरात कुठं बसतील, हे आधीच ठरवता येतं आणि लाकूड भंगाराच्या भावानं जात नाही. त्यासाठी पूर्ण नकाशे नकोत. एका दिवसाचा स्कॅन आणि जोडलेली ई५७ फाइल एवढंच मागा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत ठेवा, एक घरात आणि एक नातेवाइकाकडे. घर उतरवण्याचा ठेका देण्याआधी हे काम उरका, कारण ठेकेदार पहिल्याच दिवशी कौलं काढायला घेतो.